उघड्या दारांची राखण

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी नामदेव नावाचं गाव आहे. संत नामदेवांचा जन्म १२७० साली इथे झाला अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेले वारकरी कामिका एकादशीला परतवारीसाठी नर्सीत येतात. रस्ते माणसांनी भरून जातात, टाळ-मृदंग घुमतो. याच गावात शीख भाविकांचा गुरुद्वाराही आहे. पंजाबातून नांदेडच्या हुजूर साहिब तख्ताला आलेले कितीतरी यात्रेकरू वाट वाकडी करून इथे माथा टेकायला येतात. त्यांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, आहेत आणि त्यांच्या तोंडी ‘भगत नामदेवजी’ हे नाव आपल्या ‘नामदेव महाराज’ इतक्याच मायेनं येतं. याच जिल्ह्यात वसमतला दमदमा साहिब आहे. १७०८ साली नांदेडकडे जाताना गुरू गोविंदसिंग तिथे मुक्कामाला होते, असं परंपरा सांगते.

मराठवाड्याला गुरुद्वारा नवा नाही. निजामाच्या काळात लाहोरहून आलेल्या फौजेचे वंशज, पिढ्यान्पिढ्या दख्खनी बोलणारे शीख, हत्यारं आणि भांडी घडवणारे सिकलीगर, हायवेवर ढाबा चालवणारे पंजाबी, हे सगळे या मातीतलेच झाले आहेत. त्यामुळे या लेखाचा विषय परक्या समाजाचा नाही. तो आपल्या शेजारच्या घराचा आहे, आणि तितक्याच जिव्हाळ्यानं मांडायचा आहे. गुरुद्वारात येणारं मूल, सेवा करणारी बाई आणि मुक्कामाला उतरलेला परगावचा माणूस तिथे सुरक्षित कसा राहील? त्याच्यावर कुणी हात टाकला तर त्यानं कुणाकडे जायचं? आणि त्याचं ऐकून घेण्याची तयारी त्या वास्तूनं आधीपासून केलेली आहे का?

हे प्रश्न देऊळ, मशीद, चर्च, मठ, वारकरी शिक्षणसंस्था अशा प्रत्येक ठिकाणी लागू आहेत. इथे ते कुणा एका गुरुद्वारावर आरोप म्हणून विचारलेले नाहीत. ते गुरुद्वारापासून विचारायचे, कारण याच प्रश्नांसाठी शिखांनी एकेकाळी आपलं रक्त सांडलं आहे.

नानकाना साहिब, १९२१

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातले बहुतेक मोठे गुरुद्वारे वंशपरंपरागत महंतांच्या हातात होते. देवस्थानाच्या जमिनी, पाण्याच्या कालव्यांमुळे वाढलेलं उत्पन्न आणि पाठीशी इंग्रज सरकार यामुळे हे महंत कुणालाच उत्तर द्यायला बांधील राहिले नव्हते. गुरू नानकांच्या जन्मगावी, नानकाना साहिबला, महंत नारायणदास होता. गुरुद्वारा सुधारणेसाठी झालेल्या अकाली चळवळीच्या इतिहासात नोंद आहे की १९१८ च्या सुमारास दर्शनाला आलेल्या एका निवृत्त सिंधी अधिकाऱ्याच्या १३ वर्षांच्या मुलीवर गुरुद्वाराच्या आवारातच अत्याचार झाला. त्याच सुमारास जडांवाला भागातून आलेल्या स्त्रियांवरही अत्याचार झाले. तक्रारी झाल्या, ठराव झाले, पण महंत जागचा हलला नाही.

१५ नोव्हेंबर १९२० रोजी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. २० फेब्रुवारी १९२१ ला भाई लछमनसिंग धारोवाली यांच्या जथ्यातले शीख नानकानाच्या गुरुद्वारात शांतपणे शिरले आणि महंताच्या भाडोत्री माणसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, कुऱ्हाडी चालवल्या. मृतांच्या आकड्यांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, पण सर्वांत कमी अंदाजही ऐंशीच्या वरचा आहे. त्यानंतरच्या मोर्च्यांत हजारो लोक तुरुंगात गेले आणि अखेर १९२५ साली शीख गुरुद्वारा कायदा झाला. गुरुद्वारांचा कारभार निवडून आलेल्या समितीकडे आला.

या लढ्याचं वर्णन बहुधा राजकीय भाषेत केलं जातं: महंत विरुद्ध अकाली, इंग्रज विरुद्ध शीख. पण त्याच्या कारणांत एका लहान मुलीची असुरक्षितता होती, हे विसरून चालणार नाही. ज्या समाजाच्या सर्वांत मोठ्या सुधारणेच्या मुळाशी ‘गुरूच्या दारात आमच्या लेकी सुरक्षित नाहीत’ हा संताप होता, त्या समाजाला सुरक्षेचे नियम ही बाहेरून लादलेली गोष्ट वाटण्याचं काहीच कारण नाही.

औंढ्याचं देऊळ कुणाकडे वळलं

नर्सीहून फार दूर नाही ते औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांत गणलं जाणारं हे यादवकालीन देऊळ पाहायला गेलेल्या प्रत्येकाला तिथला पुजारी किंवा गाइड एक गोष्ट हमखास सांगतो. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, त्यांना तिथून उठवलं गेलं. ते मागच्या बाजूला जाऊन बसले आणि गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरलं आणि त्याचं दार नामदेवांसमोर आलं. नंदी देवळाच्या मागे का, याचं उत्तर गावात याच गोष्टीनं दिलं जातं.

ही कथा गुरू ग्रंथ साहिबमध्येही आहे. भैरव आणि मल्हार रागातल्या नामदेवांच्या शबदांत जातीचं नाव काढून आपल्याला देवळातून उठवल्याची व्यथा आहे आणि देऊळ फिरल्याचा प्रसंगही. म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या एका देवळात एका शिंप्याच्या पोराचा झालेला अपमान गेली चारशेहून अधिक वर्षं शिखांच्या धर्मग्रंथाचा भाग आहे आणि जगभरच्या गुरुद्वारांत तो गायला जातो.

या कथेचा अर्थ प्रत्येक पिढीनं आपापल्या परीनं लावला. आजच्या आपल्या प्रश्नासाठी तिचा अर्थ अगदी स्पष्ट आहे. पवित्र जागेत कुणाचा अपमान झाला तर त्या जागेनं कुणाची बाजू घ्यायची, हे इथे सांगून टाकलं आहे. उठवणाऱ्यांच्या हातात अधिकार होता, प्रतिष्ठा होती, व्यवस्था होती. देव गेला तो उठवलेल्या माणसाकडे. तक्रार घेऊन आलेली बाई किंवा घाबरलेलं मूल समोर असताना विश्वस्तांनी संस्थेच्या नावाची काळजी आधी करायची की त्या माणसाची, याचं उत्तर औंढ्यानं कधीच दिलेलं आहे.

जिथे विश्वास जास्त, तिथे जपणूक जास्त

गुरुद्वारा सगळ्यांसाठी उघडा असतो. डोकं झाकून, पादत्राणं काढून, हातपाय धुऊन कुणीही आत यावं. जात, धर्म, गाव विचारलं जात नाही. लंगरात राजा आणि भिकारी एकाच पंगतीत बसतात. निवासात परगावच्या माणसाला जागा मिळते. अमृतसर-नांदेड सचखंड एक्स्प्रेसनं येणाऱ्या प्रवाशांना वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो, हे तर साऱ्या देशाला माहीत आहे. ही उदारता शीख धर्माचं वैभव आहे आणि तिला धक्का लावणारी कोणतीही सुरक्षा ही सुरक्षाच नव्हे.

पण हे मोकळेपण जपायचं तर जोखीम कुठे आहे ते डोळे उघडून पाहावं लागतं. कोणत्याही मोठ्या गुरुद्वारातला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. आई लंगरात पोळ्या लाटतेय, वडील भांडी घासण्याच्या सेवेत आहेत, मुलं आवारात मोकळी धावताहेत. सगळ्यांना वाटतं, गुरूचं घर आहे, इथे काय भीती! एका खोलीत उस्ताद तबला किंवा हार्मोनियम शिकवतात, कधी एकाच मुलाला. गतक्याचे, म्हणजे शिखांच्या युद्धकलेचे, वर्ग संध्याकाळी चालतात. सुट्ट्यांत गुरमत शिबिरं होतात, मुलं रात्री तिथेच राहतात. दूरच्या खेड्यांतून आलेली गरीब घरची पोरं पाठी (ग्रंथवाचक) किंवा रागी (कीर्तनकार) व्हायला राहून शिकतात. काही मुलं बाबाजींच्या डेऱ्यात आईबापांनी ‘अर्पण’ केलेली असतात. निवासाच्या लांब व्हरांड्यात रात्री कुणी नसतं. कारसेवेच्या ट्रकवर मोठ्यांबरोबर कोवळी पोरं असतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच होतं. मुलग्यांना काय होतंय, असं म्हणून निर्धास्त राहणाऱ्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. धोका बुरखा घालून रात्री भिंत चढून येत नाही. तो बहुतेक वेळा ‘वीरजी’ किंवा ‘बाबाजी’ म्हणून मुलाच्या पाठीवरून हात फिरवत येतो. धर्मस्थळात त्या माणसाभोवती श्रद्धेचं वलय असतं, म्हणून मुलाला ‘नाही’ म्हणणं दुप्पट कठीण होतं आणि सांगितलं तर विश्वास ठेवला जाणं तिप्पट कठीण.

शीख रहत मर्यादेनं या बाबतीत कुठेही सूट दिलेली नाही. १९४५ साली अंतिम मान्यता मिळालेल्या या आचारसंहितेत संगतीत बसणाऱ्या स्त्रीनं पडदा घेऊ नये असं सांगितलं आहे आणि परस्त्री-परपुरुष संबंध हा चार मोठ्या कुरहितींपैकी, म्हणजे निषिद्ध गोष्टींपैकी, एक मानला आहे. तो करणारा अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेला शीख, पतित होतो. म्हणजे धर्माची शिकवण पुरेशी आहे. तिचं रूपांतर रोजच्या व्यवस्थेत करणं बाकी आहे.

कायदा काय म्हणतो

बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा नोकरीतल्या माणसानं त्या संस्थेत मुलावर अत्याचार केला तर कायदा त्याला ‘गंभीर’ अपराध मानतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा अपराधात प्रवेशी (पेनिट्रेटिव्ह) लैंगिक हल्ला असेल तर किमान २० वर्षांची शिक्षा आहे. ज्याला असा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी शंका आली, त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला तर त्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होत नाही. ‘आधी कमिटीत विचार करू, मग पाहू’ याला कायद्यात जागा नाही.

कळवल्यावर मुलाचं काय होतं, याची भीती अनेकांना असते. कायद्यानं तीही विचारात घेतली आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनं करायची. नाव, पत्ता, फोटो उघड करायचा नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला माहिती द्यायची. यात्रेकरूंसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. नांदेडला आलेल्या लुधियान्याच्या कुटुंबानं घरी परतल्यावर तिथे तक्रार दिली तरी ती नोंदवून इकडे पाठवावी लागते.

प्रौढ स्त्रियांसाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. तो फक्त कंपन्यांचा आहे असा समज आहे, पण त्यात ट्रस्ट आणि संस्थाही येतात. मोबदला न घेता स्वेच्छेनं काम करणारी व्यक्तीही त्या व्याख्येत बसते. लंगरात, दवाखान्यात, शाळेत, कार्यालयात सेवा करणाऱ्या बायकांसाठी ही गोष्ट मोलाची आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी आणि एक सदस्य बाहेरची व्यक्ती हवी. छोट्या संस्थांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. मुलं राहून शिकतात अशा निवासी जागांना, त्यांत काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं असतील तर, २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी करावी लागते. अलौकिक शक्तीचा दावा करून कुणाचं लैंगिक शोषण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

गप्प राहण्याची किंमत

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. गुन्हा नोंदवायला झालेल्या दिरंगाईनं लोक रस्त्यावर आले, रेल्वे रोखली गेली, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. न कळवल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला. जी बदनामी टाळायची म्हणून दडवलं जातं, तीच शेवटी शंभरपट होऊन येते.

इंग्लंडमध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची सरकारी पातळीवर स्वतंत्र चौकशी झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये तिनं धार्मिक संस्थांवरचा अहवाल दिला. त्यासाठी ३८ धार्मिक संस्था आणि परंपरांचा विचार झाला होता आणि त्यांत शीखही होते. अहवालाचं म्हणणं असं की अनेक ठिकाणी लाज, घराण्याची अब्रू आणि बाहेरच्या यंत्रणांबद्दलचा अविश्वास यांमुळे मुलांचं दुःख दाबलं जातं, म्हणून प्रत्येक धार्मिक संस्थेकडे लेखी बालसंरक्षण धोरण हवंच. २०२२ साली तिथे कायदा बदलला आणि धर्मगुरूंनाही मुलांवर प्रभाव असलेल्या ‘विश्वासाच्या पदां’त धरलं गेलं. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या शीख स्त्रियांनी शीख विमेन्स एड ही संस्था उभी केली आणि आपल्याच समाजातल्या घरगुती व लैंगिक हिंसेबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली. धर्म सोडून नव्हे, धर्माच्याच भाषेत.

आपल्याकडे एक जास्तीची भीती असते ती वाळीत पडण्याची. ‘आपल्यातच मिटवा’, ‘पंथाचं नाव खराब होईल’, ‘मुलीचं लग्न कसं होणार’ ही वाक्यं कोणत्याही समाजात ऐकू येतात. तक्रार करणाऱ्याला पंगतीतून उठवलं जाईल, घराशी रोटीबेटी तुटेल, या भीतीनं आईबाप गप्प बसतात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. तक्रार करणाऱ्या कुटुंबाला समाजानं वाळीत टाकलं तर तो गुन्हा ठरतो. पण कायद्याआधी संगतीनं आपला आधार दिला तर त्याची गरजच पडणार नाही.

हल्ला, गर्दी, आग

सुरक्षेचा दुसरा भाग बाहेरून येणाऱ्या धोक्याचा आहे. ५ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका वंशद्वेष्ट्यानं गोळीबार केला. सहा जण ठार झाले आणि जखमी झालेले एक ग्रंथी काही वर्षांनी वारले. बंदूकधारी आल्याचं आधी पाहिलं ते अंगणात खेळणाऱ्या मुलांनी. त्यांनी आत धावत येऊन ओरडून सांगितलं, म्हणून लंगरच्या स्वयंपाकघरातल्या बायका लपू शकल्या. २५ मार्च २०२० ला काबूलच्या गुरुद्वारावर हल्ला होऊन २५ भाविक मारले गेले. या घटनांनंतर जगभरच्या अनेक गुरुद्वारांनी कॅमेरे, बाहेर पडायचे मार्ग, सराव, स्थानिक पोलिसांशी कायमचा संपर्क यांची व्यवस्था केली, आणि दारं मात्र उघडीच ठेवली.

नांदेडमध्ये २९ मार्च २०२१ ला होला मोहल्ला या शिखांच्या सणाच्या वेळी, करोनाचे निर्बंध असताना, मिरवणूक काढण्यावरून पोलिसांवर तलवारींनी हल्ला झाला आणि काही पोलीस जखमी झाले. शस्त्र हे शीख परंपरेचं भूषण आहे आणि त्याची जबाबदारीही तेवढीच मोठी आहे. नगरकीर्तनाचा मार्ग, वेळ, शस्त्रं कुणाच्या हाती असतील, सेवादारांची साखळी कुठे उभी राहील, हे प्रशासनाबरोबर बसून आधी ठरलं तर दोन्हीकडच्या घरांतली माणसं संध्याकाळी सुखरूप परततात. गर्दी काय करू शकते हे २५ जानेवारी २००५ च्या मांढरदेवीच्या चेंगराचेंगरीनं महाराष्ट्राला शिकवलं आहे. लंगरचे गॅस, उकळती कढई, घाटावरचं खोल पाणी, परतवारीची गर्दी या सगळ्यांकडे त्याच दक्षतेनं पाहायला हवं.

कारभाराचा प्रश्न

नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबचा कारभार १९५६ च्या कायद्यानं चालतो. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. मंडळावर सदस्य कुणी नेमायचे, अध्यक्ष कुणी ठरवायचा, सरकारचा हात किती असावा, यावर गेली कित्येक वर्षं वाद आहेत. २०१५ ची दुरुस्ती आणि २०२४ च्या फेब्रुवारीतला प्रस्ताव यांवरून मोर्चे निघाले. स्वायत्ततेची ही मागणी न्याय्य आहे, कारण १९२५ चा वारसाच तो आहे. पण त्या वारशाचा दुसरा अर्धा भागही तितक्याच आवाजात मागितला गेला पाहिजे: मंडळ कुणाचंही असो, तक्रार घेऊन आलेल्या बाईला आणि मुलाला पहिल्याच दिवशी दार सापडावं.

त्यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लहान गुरुद्वारालाही हे जमेल. मुलांना शिकवणारा किंवा त्यांच्याबरोबर राहणारा प्रत्येक माणूस, मग तो पगारी असो की सेवादार, त्याची ओळख, आधीचं गाव आणि पोलीस पडताळणी नोंदवलेली असावी. कीर्तनाचा, तबल्याचा, गतक्याचा वर्ग उघड्या दाराच्या किंवा काचेच्या खोलीत व्हावा आणि एक मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कधीच नसावा. शिबिरात मुलामुलींचा रात्रीचा मुक्काम वेगळा असावा आणि लक्ष ठेवायला दोन-दोन माणसं असावीत, त्यांत स्त्री असावीच. निवासाच्या व्हरांड्यात उजेड आणि रात्रपाळीचा सेवादार असावा. आणि जोडाघराजवळ, जिथे पादत्राणं ठेवायला प्रत्येकाला थांबावंच लागतं, तिथे पंजाबी, मराठी, हिंदीत एक मोठी पाटी असावी: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२, आणि तक्रार ऐकून घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावं, त्यांपैकी एक स्त्री. त्या दोघांनी चौकशी करायची नाही. ते पोलिसांचं काम आहे. त्यांनी ऐकायचं, मुलाला ‘तुझं काही चुकलं नाही’ म्हणायचं आणि लगेच कळवायचं. आरोप झालेल्या माणसाला चौकशी संपेपर्यंत मुलांच्या सेवेतून दूर ठेवायचं, मग तो कितीही मोठा रागी असो वा जथेदार.

हे वाचून कुणी म्हणेल, याने सेवेत संशय शिरेल. उलट आहे. नियम असला की प्रामाणिक सेवादारावर खोटा आळ येण्याची भीतीही कमी होते, कारण त्याच्या प्रत्येक तासाला साक्षीदार असतो. आईबाप निर्धास्तपणे मुलांना कीर्तनाला पाठवतात. वर्ग भरतात.

दिवाळीच्या सुमारास हुजूर साहिबला तख्तस्नान होतं. गोदावरीचं पाणी आणून तख्त धुतलं जातं, शस्त्रं उजळली जातात. त्यानंतर कार्तिक शुद्ध एकादशीला नामदेवांची जयंती येते आणि पौर्णिमेला गुरू नानकांची. चार दिवसांच्या अंतरानं येणाऱ्या या दोन जयंत्यांना नर्सी आणि नांदेड दोन्हीकडे भाविक जमतात. प्रत्येक गुरुद्वारा समितीनं, आणि तिच्याबरोबर प्रत्येक देवस्थानानं, या वर्षी त्या दिवसांत एक ठराव करावा. संगतीसमोर तो वाचून दाखवावा, जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या माणसाला बोलावून एक तास मुलांशी आणि पालकांशी बोलू द्यावं आणि ती पाटी त्याच दिवशी लावावी. नानकानाच्या त्या मुलीचं कुणी ऐकलं नाही म्हणून पुढे तीन वर्षांनी शेकडो लोकांना मरणाच्या दारात जावं लागलं. आपल्याला फक्त ऐकण्याची व्यवस्था करायची आहे. ती याच वर्षी करता येईल.